पन्हाळा-पावनखिंड ट्रेक, ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी (४/५)

मी काही ट्रेकर नाही. शिवकाळावर कादंबरी लिहितेय आणि त्यातला एक जासूद, म्हणजे निरोप्या, भर पावसात पत्रांची थैली घेऊन पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघतो, तर पावनखिंडीपर्यंत यायला त्याला किती वेळ लागेल ह्या एकाच प्रश्नासाठी जुलैत कोल्हापूरच्या एका ग्रुपबरोबर हा दोन दिवसांचा ट्रेक केला. आधी घरी बसून फोनवरच्या मॅपच्या भरवशावर दहा तास धरलेले, साधारण ५० किमी, ताशी ५, संपला विषय. पहिल्याच दुपारी तो हिशोब मोडला.

मसाई पठार सपाट आहे, तिथे वारा-धुकं असूनही ताशी ४ ने गेलो. पण कुंभारवाडी सोडल्यावर खाचरांचे बांध, चिखल, जळवा आणि ओढ्यामागून ओढे, तिथे ताशी २ सुद्धा मुश्किलीने. एका ओढ्याला पाणी चढलेलं, दोर लावून आम्ही ३५ जण पलीकडे जायला पाऊण तास गेला, एकटा माणूस पाच मिनिटांत गेला असता. म्हणजे एकट्या जासूदाचा वेग वेगळा आणि घोळक्याचा वेगळा, घोळका प्रत्येक अरुंद जागी तुंबतो, हे मला टेबलावर बसून कधीच सुचलं नसतं. बरोबर गावातले एक मामा वाटाड्या होते, ते म्हणाले, "ताई, पावसात किती किलोमीटर ते इचारू नका, वढं किती हैत ते इचारा." हे वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आणि हीच वाट १२ जुलै १६६० च्या रात्री महाराजांची पालखी घेऊन सुमारे ६०० मावळ्यांनी तुडवली, पौर्णिमा पण वर आभाळ भरलेलं, मागे पन्हाळ्याला वेढा घालून बसलेल्या सिद्दी जौहरचे घोडेस्वार, खांदेकरी बदलत बदलत, आणि एवढं करून दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, लढायला उभे राहिले. आम्हाला दिवसाउजेडी दोन दिवस लागले. खिंडीत उतरताना माझे पाय थरथरत होते आणि मला खरंच रडू आलं.

करपेवाडीचा मुक्काम छान, गरम भाकरी-पिठलं, कोरडी जागा. एक स्टार कापला कारण दुसऱ्या दिवशी सहाचं सांगून ग्रुप साडेआठला निघाला, त्यामुळे खिंडीत अंधार पडायच्या बेताला पोचलो, मला तिथे तासभर तरी बसायचं होतं.

लिहिणाऱ्यांनी जावं तर जुलैतच, उन्हाळ्यातल्या वेळा पावसाळ्याच्या प्रसंगाला चालत नाहीत. वही प्लास्टिकमध्ये ठेवा आणि प्रत्येक वाडीला घड्याळ बघून वेळ टाका. माझा जासूद आता खिंडीपर्यंत पंधरा तास घेतो, त्यातला एक तास तो ओढ्याचं पाणी उतरायची वाट बघत काठावर बसलेला असतो, आणि तो प्रकरणातला सगळ्यात चांगला प्रसंग झालाय.