बेस अ‍ॅम्प्लिफायरची शिट्टी आणि नाशिकमधील एक दुरुस्तीचे दुकान

महात्मा गांधी रस्त्यालगतच्या एका गल्लीत ध्वनिसाहित्य दुरुस्त करणारे छोटेसे दुकान आहे. तेथे मी माझा बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर नेला, तेव्हा काही न वाजवताही स्पीकरमधून बारीक शिट्टी येत होती आणि खालची तार जोरात छेडली की ती शिट्टी खरखरीत होऊन डळमळत असे. अन्यत्र मला पॉवर सप्लायचा संपूर्ण बोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला होता. येथील कारागिरांनी मात्र बराच वेळ पेटी उघडलीच नाही, आणि माझ्या मते या दुकानाचा खरा गुण तोच आहे.

त्यांनी प्रथम गिटारची वायर काढली, मग व्हॉल्यूम शून्यावर आणला. आवाजात फरक पडला नाही. बाहेरच्या इफेक्ट उपकरणाचा आवाज परत घेणाऱ्या ‘इफेक्ट्स रिटर्न’ सॉकेटमध्ये शॉर्ट केलेला जॅक घालून गिटारचा क्षीण संकेत आधी वाढवणारा प्रीअ‍ॅम्प बाजूला केला तरी शिट्टी कायम राहिली, म्हणजे दोष त्याच्या पुढे होता. अर्थिंगही त्यांनी तपासले, कारण ते तुटले असेल तर एसएमपीएसच्या (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचिंगवर चालणाऱ्या पॉवर सप्लायच्या) फिल्टर कपॅसिटरांतील, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागांतील, गळती धातूच्या चेसिसवर येते; पण तशी गुणगुण खर्जातली असते. (मंडपात गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिनच मोडण्याची आपल्याकडची सवय जीवघेणी आहे, हे त्यांनी न विचारताच सुनावले.)

एसएमपीएसमधील स्विचिंग सेकंदाला हजारो वेळा, साधारणपणे २०,००० हर्ट्झच्या श्रवणमर्यादेपलीकडे चालते, म्हणून धडधाकट सप्लाय ऐकू येत नाही. उष्णतेने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेजवरचे नियंत्रण अस्थिर होते, स्विचिंग अडखळत होऊ लागते आणि त्या अडखळण्याची लय कानाच्या टप्प्यात येते. बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. तो वाजवताना सप्लायवर मोठा ताण पडतो, म्हणून दोष तेव्हाच उघडा पडे. हाच अंतर्गत रोध (ईएसआर) मोजणाऱ्या मीटरने, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकजवळचे कपॅसिटर सदोष ठरले, जरी त्यांतील एकही वरून फुगलेला नव्हता. त्यांच्या जागी १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे, कमी ईएसआरचे कपॅसिटर बसल्यावर शिट्टी थांबली.

हे काम घरी करू नये. २३० व्होल्टचा पुरवठा रेक्टिफाय झाल्यावर, म्हणजे एसीचा डीसी झाल्यावर, मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही टिकू शकतात. कारागिरांनी ते रोधकातून उतरवून, मीटरवर खात्री करूनच बोर्डाला हात लावला.

उणीव कागदपत्रांची. बिलावर केवळ ‘अ‍ॅम्प दुरुस्ती’ एवढेच लिहिले होते आणि हमी तोंडी मिळाली. बदललेल्या भागांची मूल्ये लिहून घ्यावीत आणि जुने भाग मागून घ्यावेत. मागितल्यावर ते देतात.