लाकडं लांब, शेगडी आखूड: करवत, चेनसॉ की अदलाबदल?

पानशेत किंवा मुळशीकडच्या घरात दाराची लोखंडी शेगडी हौसेनं बसवली जाते आणि मग वखारीतून लाकडं येतात ती चुलीच्या हिशेबाने, दोन-दोन फुटांची. चुलीचं त्यात काही अडत नाही. टोक आत, बाकीचं बाहेर, जळेल तसं पुढे सारायचं. बंद शेगडीत हा प्रकार करूच नका. दार उघडं राहिलं की हवेवर ताबा राहत नाही, ठिणग्या फरशीवर येतात आणि धूर खोलीत शिरतो. थंडीत खिडक्या लावलेल्या असतात, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच. त्याला ना रंग, ना वास. तेव्हा हा पर्याय पहिल्यालाच बाद.

बाकीच्यांपैकी कुठला घ्यायचा, ते लाकूड किती जास्त आहे यावर ठरतं. शेगडीची आतली लांबी मोजा आणि दोन इंच सोडा. आत 16 इंच जागा असेल तर लाकूड 14 चं हवं. तुमचं लाकूड 24 इंची असेल तर नशीब चांगलं: मधोमध एक काप आणि 12 इंचांचे दोन नीट तुकडे. खरी कटकट 18 इंचीची. तिथेही काप एकच, पण हाती एक कामाचा तुकडा आणि एक चार इंची ठोकळा. मेहनत तेवढीच, फळ निम्मं.

अशी थोडीच असतील तर तिरकी बसवता येतात. 16 बाय 10 इंचांच्या तळाचा कर्ण जवळजवळ 19 इंच भरतो. पण लाकडाला जाडी असते, त्यामुळे 18 इंचीतलं बारीकच मावतं, तेही एका वेळी एखाददुसरं, आणि टोक दाराच्या काचेला टेकत नाही ना, हे बघावं लागतं. रोजची सोय म्हणून हे खरं नाही.

हातकरवतीला लोक उगाच नाकं मुरडतात. पातं ताणून बसवलेली, मोठ्या दातांची कमानीची करवत आणि लाकूड पक्कं धरणारी घोडी असेल, तर मनगटाएवढ्या सुबाभळीचं काम पटापट होतं. वाळलेली जाड बाभूळ मात्र घाम काढते, तिथे करवतीचा हट्ट नको. कुऱ्हाड या कामाची नाहीच. ती उभं फोडायला. आडवं तोडायला गेलात तर निम्मं लाकूड ढलप्यांत जातं. आधी आखूड करा, मग फोडा. आखूड ओंडका सहज फुटतो.

दरवर्षी ट्रॉलीभर लाकूड येत असेल तर विजेचा चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीची करवत, घ्यावा; एकाच हंगामाचं काम असेल आणि भाड्याने मिळाला तर उत्तम. वेगाला तोड नाही, पण शिस्त हवी: गॉगल, जाड बूट, साखळीला तेल आणि लाकूड घोडीवरच. पात्याचं टोक कशाला लागलं तर यंत्र उसळून अंगावर येतं. अँगल ग्राइंडरला लाकूडकापीचं दातेरी पातं लावून हेच काम उरकणारे महाभाग आपल्याकडे आहेत. ते पातं अडकलं की ग्राइंडर हातातून सुटतो. स्वस्त म्हणून तिकडे वळू नका.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटकडे लाकडं कापायला न्यावीत का? माझ्या मते नाही. तिथला धंदा इमारती लाकडाचा. जळणाच्या वेड्यावाकड्या काटक्यांत कोण वेळ घालवणार? शिवाय जाण्यायेण्याचा टेम्पो अंगावर पडतो.

18 इंचीवर सगळ्यात शहाणा उपाय मला अदलाबदलीचा वाटतो. गावात ज्यांच्याकडे चूल आहे, त्यांना लांब लाकूडच बरं पडतं. त्यांना ते द्या आणि आखूड तुकडे घ्या. तरीही कापलंच आणि ठोकळे उरले, तर ते पाणी तापवायच्या बंबात घाला. तांबट आळीतला तांब्याचा बंब अजून कुणाच्या तरी मागच्या अंगणात असतोच, आणि त्याच्या मधल्या नळीला असेच लहान तुकडे लागतात.

लाकूड ओलं असेल तर मात्र अदलाबदलीची वाट न बघता लगेच कापा आणि फोडा. लाकडातला ओलावा कापलेल्या टोकांकडून लवकर निघतो, म्हणून आखूड लाकूड आधी वाळतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली यायला हवा. नाहीतर उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि धुराड्यात चिकट काजळी धरते, जी पुढे पेट घेऊ शकते. उन्हाळ्यात वारा खेळेल असं रचा आणि जूनच्या आत पत्र्याखाली हलवा.

पुढच्या खेपेला वखारीत तोंडी इंच सांगू नका. बरोबर मापाची एक काठी कापून न्या आणि गाडी भरायच्या आधी चार-पाच लाकडं तिच्याशी लावून बघा.