मुंबई मॅरेथॉनच्या आदला शनिवार: विश्रांती की हलका सराव, घर की हॉटेल?

जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून पूर्ण मॅरेथॉन सुटते, तेव्हा ४२.१९५ किलोमीटरची तयारी कधीच संपलेली असते. शनिवारी केलेल्या कोणत्याही व्यायामाने दम वाढत नाही. पाय थकवणे किंवा पोट बिघडवणे मात्र एका दिवसात सहज जमते. म्हणून पहिल्यांदाच पूर्ण अंतर धावणाऱ्याने शनिवारचे पर्याय शांतपणे तोलून पाहावेत.

सकाळी धावावे की नाही, यावर धावणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट आहेत. धावावे म्हणणारे पंधरा-वीस मिनिटे, सहज गप्पा मारता येतील अशा वेगाने धावतात आणि शेवटी तीन-चार वेळा शंभरेक मीटर थोडा वेग वाढवतात. शर्यतीआधी सराव कमी केल्यामुळे जड वाटू लागलेले पाय त्याने मोकळे होतात, शिवाय मनातली धाकधूकही ओसरते. पूर्ण विश्रांती घेणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच रास्त आहे, कारण ओळखीचा ग्रुप भेटला की हलके धावणे हलके राहत नाही आणि बघता बघता दहा किलोमीटर होऊन जातात. माझे मत असे की आठवड्यातून पाच दिवस धावण्याची सवय असलेल्याने एकट्याने हलके धावून यावे. तीन-चार दिवसच धावणाऱ्याने, किंवा नाशिक-कोल्हापूरहून त्याच दिवशी प्रवास करून येणाऱ्याने, संध्याकाळी थोडे चालून समाधान मानावे.

जेवणाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि त्यातच सर्वाधिक गैरसमज आहेत. शनिवारी रात्री ताट भरून भात खाल्ला की ऊर्जेची सोय झाली, असे अनेकांना वाटते. लांब पल्ल्याच्या शर्यतीपूर्वीच्या ३६ ते ४८ तासांत शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १० ते १२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडा-आहारशास्त्र सांगते. साठ किलोच्या माणसासाठी हे दिवसाला किमान ६०० ग्रॅम झाले, आणि शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅमच कर्बोदके असतात. म्हणजे नुसत्या भातावर भागवायचे तर दोन किलोहून अधिक भात खावा लागेल. त्यामुळे सुरुवात शुक्रवारपासूनच करावी आणि पोहे, इडली, उकडलेला बटाटा, केळी, गूळ, सरबत अशी दिवसभर विभागणी करावी. कर्बोदकांपासून बनून स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेन या ऊर्जेच्या साठ्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते, म्हणून वजनकाटा किलोभर जास्त दाखवू लागला तर घाबरू नये.

शनिवारचे मुख्य जेवण दुपारी घ्यावे की रात्री, याचे उत्तर मी निःसंकोच दुपार असे देईन. रात्री नऊला पोटभर जेवून अडीच-तीनला उठणाऱ्याचे पचन पुरे झालेले नसते. संध्याकाळी सातच्या आत मऊ वरणभात किंवा दहीभात पुरेसा आहे. मटकीची उसळ, कोशिंबिरी आणि तळण या दिवशी वर्ज्य समजावे. शर्यत संक्रांतीच्या आसपास येत असल्याने घरात गूळपोळीचा डबा भरलेला असतो. गूळ चांगला, परंतु तीळ, बेसन आणि वरून सोडलेले तूप पचायला जड, तेव्हा तो डबा रविवार दुपारपर्यंत मिटलेला ठेवावा. ज्यांचा शनिवारचा उपवास असतो आणि तो मोडायचा नसतो, त्यांनी दाण्याच्या कुटाने माखलेल्या साबुदाण्याच्या खिचडीऐवजी रताळे, वरईचा भात आणि केळी यांवर भर द्यावा. निरंकार उपवास करून मॅरेथॉनला उभे राहू नये. पाण्याचेही तसेच आहे: तहानेप्रमाणे, थोडे थोडे प्यावे, कारण गरजेपेक्षा फार जास्त पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही; ते आधीच्या दिवसांत एक्स्पोतून, म्हणजे शर्यतीआधी भरणाऱ्या प्रदर्शनातून, आणावे लागते. मुंबईकराने शनिवारची गर्दी टाळावी. बाहेरगावच्या माणसाने सकाळीच जाऊन बिब घ्यावे आणि स्टॉलवर न रेंगाळता परतावे.

मुक्कामासाठी फोर्टमधले हॉटेल महाग पडते, पण तासा-दीड तासाची झोप वाचवते. कल्याण-डोंबिवलीच्या घरी स्वतःचे अंथरूण आणि ओळखीचे जेवण मिळते. गेल्या काही वर्षांत रेल्वेने त्या पहाटे विशेष लोकलही सोडल्या आहेत. त्या वर्षीचे वेळापत्रक जाहीर झाले असेल तर मला घर अधिक पसंत आहे.

मनाच्या तयारीबाबत काहींना शर्यतीचा विचारच नको असतो, तर काही जण दिवसभर मार्ग घोळवत बसतात. मधला मार्ग उपयोगी पडतो. चार पिनांनी बिब बनियनवर लावून, जुने बूट, मोजे, व्हॅसलिन एकत्र ठेवून झाले की एकदाच दहा मिनिटे बसावे आणि अडचणीच्या जागी काय करायचे ते ठरवावे: सी लिंकवर इतरांच्या वेगाला भुलायचे नाही, परतीच्या पेडर रोडच्या चढावर पावले आखूड करायची, पाणी कुठल्या टप्प्याला घ्यायचे. त्यानंतर विषय बंद करून घरच्यांशी गप्पा माराव्यात. शनिवारी रात्री झोप लागली नाही तरी एका रात्रीच्या जागरणाने सहसा फारसे बिघडत नाही. शुक्रवारची झोप मात्र हक्काने पूर्ण करावी. पूर्वी कधी न घेतलेली झोपेची गोळी या रात्री घेऊ नये. आणि संध्याकाळी अंगात ताप असेल, तर तुलनेला जागा उरत नाही. त्या वर्षी धावू नये.