मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियम: तिकीट महाग आहे, पण जे दिसत नाही त्याचे पैसे आहेत ते

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोहून खाली दोनेक तास गाडी हाणली की मॉन्टेरे येतं, आणि तिकडे गेलेला जवळपास प्रत्येक जण हे अ‍ॅक्वेरियम बघूनच परततो. त्यामुळे "जाऊ का" असं कुणी विचारतच नाही, विचारतात ते "एवढे पैसे घालण्यासारखं आहे का हो". मोठ्या माणसाला साठ डॉलरच्या वर तिकीट, चौघांचं कुटुंब असेल तर दोनशेच्या पुढे आकडा जातोच, वर गाडी लावायचे वेगळे कारण अ‍ॅक्वेरियमचं स्वतःचं पार्किंग नाही, रस्त्यावरचं मीटर नाहीतर जवळचं गॅरेज. माझं उत्तर हो असंच आहे, पण माशांमुळे नाही. मासे आणखी पन्नास ठिकाणी छान दिसतात. इथलं सगळ्यात महत्त्वाचं काम पब्लिकला दिसतच नाही, म्हणजे मुद्दाम दिसू दिलं जात नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त पटलं.

आधी जागेबद्दल. हे आहे कॅनरी रो नावाच्या रस्त्यावर, आणि जिथे आता अ‍ॅक्वेरियम आहे तिथे होव्हडेनचा सार्डिन मासे डबाबंद करायचा कारखाना होता. या किनाऱ्यावर एकेकाळी सार्डिनचे डोंगर यायचे, इतके उपसले की समुद्रच रिकामा झाला (पाण्याचं तापमान वगैरे कारणंही होती, पण माणसाचा हात मोठा), मग एकामागून एक कारखाने बंद पडले आणि हा शेवटचा १९७३ मध्ये गेला. हेवलेट-पॅकर्डवाल्या डेव्हिड पॅकर्ड आणि ल्यूसिल पॅकर्ड यांनी साडेपाच कोटी डॉलर दिले आणि २० ऑक्टोबर १९८४ ला अ‍ॅक्वेरियम उघडलं. जुन्या कारखान्याचे बॉयलर अजून आत ठेवलेत, लोक त्यांच्या बाजूने सरळ पुढे पळतात, तुम्ही दोन मिनिटं थांबा. जिथं सार्डिन डब्यात भरली जायची तिथंच आज तिचा जिवंत थवा बघायला माणसं पैसे मोजतायत. संवर्धनावर पन्नास बोर्ड वाचण्यापेक्षा हे एवढं पुरतं खरंतर.

केल्प फॉरेस्ट. ही टाकी २८ फूट उंच, तीन लाख गॅलनच्या वर पाणी, आणि आत खरी जिवंत केल्प, म्हणजे समुद्रात झाडासारखं उंच वाढणारं शेवाळ. केल्पला ऊन लागतं म्हणून टाकी वरून उघडी ठेवलीय, आणि पाणी हलतं राहिलं नाही तर ती जगत नाही म्हणून यंत्राने सतत लाट दिली जाते, त्यामुळे सगळं जंगल एका लयीत पुढे-मागे डोलत असतं आणि समोर बसलं की पंधरा-वीस मिनिटं कुठं गेली कळत नाही. पाणी थेट खाडीतून पंपाने येतं. गंमत अशी की दिवसा ते गाळून घेतात म्हणजे आपल्याला स्वच्छ दिसावं, आणि रात्री लोक गेले की न गाळता कच्चं पाणी सोडतात, त्यातून प्लँक्टन, अळ्या, बारीकसारीक जीव आत येतात आणि खडकांना चिकटून वाढतात. म्हणजे त्या टाकीतले कितीतरी जीव कुणी आणून सोडलेले नाहीत, ते आपले आपण आलेत. पाणबुडे खायला घालायला उतरतात तेव्हा मास्कमधल्या माइकवरून बाहेरच्या लोकांशी बोलतात, पोरं प्रश्न विचारतात, ती वेळ आधी बघून ठेवा आणि जागा धरा.

आता ऑटर. सी ऑटर म्हणजे समुद्री पाणमांजर, आणि या अ‍ॅक्वेरियमची सगळी प्रसिद्धी यांच्यावरच, दुकानात खेळणी त्यांची, टीशर्ट त्यांचे, २०२५ मध्ये टेलर स्विफ्टने यांचाच जुना ऑटरवाला टीशर्ट घातला आणि त्यानंतर लोकांनी ऑटरसाठी लाखो डॉलर देणगी दिली. ठीक आहे, पैसा कसाही येवो. पण काचेपलीकडे उलटे तरंगत अंग चोळत बसलेले जे ऑटर दिसतात ते इथे का आहेत हे बहुतेकांना माहीतच नसतं. अनाथ किंवा जखमी सापडलेले, परत समुद्रात सोडता न येणारे असे हे प्राणी, आणि त्यातल्या माद्यांना इथे काम असतं. आईपासून तुटून किनाऱ्यावर वाहून आलेलं पिल्लू मिळालं की ते यातल्या एखाद्या मादीच्या ओटीत घालतात, ती त्याला बुडी मारायला, शिंपला दगडावर आपटून फोडायला, खेकडा न चावून घेता धरायला शिकवते, आणि मग ते पिल्लू जंगली म्हणून समुद्रात जातं. हे सगळं प्रेक्षकांपासून लांब, मागच्या टाक्यांत चालतं. तिथले कर्मचारी पिल्लाजवळ जाताना अंगावर काळा पोंचो आणि तोंडावर वेल्डिंगचा मास्क घालतात, कारण पिल्लाला माणसाचा चेहरा ओळखीचा होता कामा नये. म्हणजे ज्या पिल्लांसाठी सगळा खटाटोप ती तुम्हाला दिसणारच नाहीत. ज्या दिवशी दिसायला लागतील त्या दिवशी काम फसलं समजा.

आणि हे नुसतं गोड प्रकरण नाही, त्याचा हिशोब झालेला आहे. फरसाठी या प्राण्याची अशी कत्तल झाली होती की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात बिग सर नावाच्या किनाऱ्याच्या कडेला पन्नासेक उरले होते, आज तीनेक हजार आहेत. मॉन्टेरेच्या उत्तरेला एल्कहॉर्न स्लू नावाची खाजण आहे, तिथे २००२ ते २०१६ या काळात अशी ३७ पिल्लं सोडली, आणि २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की त्या काळात तिथली ऑटरची संख्या जेवढी वाढली त्यातली निम्म्याहून जास्त वाढ ही पिल्लं आणि त्यांची पुढची पिढी यांच्यामुळे आहे. ऑटर वाढले तसे खेकडे कमी झाले, समुद्री गवत परत आलं, आणि काठाची माती पोखरणारे खेकडे ऑटर खातात म्हणून किनारा ढासळायचाही वेग कमी झाला. एका अ‍ॅक्वेरियमच्या मागच्या खोलीतून हे झालंय, मला नाही वाटत यापेक्षा चांगली पावती असू शकते.

टूला नावाची मादी इथली पहिली सरोगेट आई. ती २००१ मध्ये फेफरं येणाऱ्या अवस्थेत सापडली होती, मेंदूत टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी, जो मांजरांच्या विष्ठेतून पसरतो आणि पावसाच्या, गटाराच्या पाण्यातून समुद्रात जातो. तिने बाराच्या वर पिल्लं वाढवली, आणि तिच्या गोष्टीमुळे कॅलिफोर्नियात २००६ मध्ये कायदा झाला की मांजराच्या लिटरच्या (म्हणजे मांजराच्या शी-शूसाठीच्या रेतीच्या) पिशवीवर ते टॉयलेटमध्ये किंवा नाल्यात टाकू नका अशी सूचना छापायची. एका आजारी ऑटरमुळे सुपरमार्केटातल्या पिशवीवरचा मजकूर बदलला! मला ही गोष्ट या संस्थेतली सगळ्यात भारी वाटते आणि ती आणखी ठळक सांगायला हवी असं माझं मत.

मात्र मास्क घातला की सगळं सुरळीत होतं असंही नाही. २०२३ मध्ये सांताक्रूझला ८४१ नंबरची ऑटर सर्फरच्या फळीवर चढून फळ्या कुरतडत होती, बातम्या जगभर गेल्या. तिच्या आईला लोकांनी स्क्विड खायला घालून सवय लावली होती, म्हणून आईला समुद्रातून उचलून आणावं लागलं, ही तिच्या पोटी बंदिस्त जागेत जन्मली, पुढे याच अ‍ॅक्वेरियममध्ये पूर्ण काळजी घेऊन वाढली, तरी ही माणसांच्या जवळ गेलीच. तेव्हा "बघा किती क्यूट" म्हणत प्राण्याला खायला घालणारे सगळे इथं एक चक्कर मारून या.

ओपन सी म्हणजे दहा लाख गॅलनहून मोठी टाकी, समोर प्रचंड काच, ट्यूना, समुद्री कासवं, हॅमरहेड शार्क, कधी मोला नावाचा प्रचंड चपटा मासा. इथंच २००४ मध्ये मोठ्या पांढऱ्या शार्कचं पिल्लू १९८ दिवस ठेवलं, तोपर्यंत कुठल्याच अ‍ॅक्वेरियमला ते जवळपासही जमलं नव्हतं. तिने टाकीतल्या दुसऱ्या शार्कना मारलं तेव्हा तिला टॅग लावून सोडून दिलं. २०११ पर्यंत असे सहा शार्क आले, शेवटचा सोडल्यावर लगेच मेला, आणि त्यानंतर पांढरा शार्क पुन्हा आणला नाही. गर्दी खेचणारी गोष्ट होती, तरी थांबले, मला ते आवडलं. आधी आणायलाच नको होता असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही.

जेलीफिशचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, प्रत्यक्षातही तसंच दिसतं, पुढे चला. पेंग्विन आफ्रिकन आहेत, २०२४ मध्ये ते अतिसंकटग्रस्त यादीत गेले, म्हणून इथलं प्रजनन कामाचं. खोल समुद्राचा विभाग २०२२ मध्ये उघडला, त्यात थंड, अंधारं, ऑक्सिजन कमी केलेलं पाणी तयार करून ठेवतात कारण त्या जीवांना आपल्यासारखा ऑक्सिजन सोसत नाही. मदतीला पॅकर्डनीच १९८७ मध्ये काढलेली संशोधन संस्था आहे, जवळच मॉस लँडिंगला. मुलं तिथं कंटाळू शकतात, मोठ्यांनी मात्र पूर्ण वाचावं.

लोक इथून काय शिकून जातात हा प्रश्न मला नेहमी पडतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या झू-अ‍ॅक्वेरियमच्या संघटनेने अभ्यास काढला की अशा भेटीने लोकांचा दृष्टिकोन बदलतो, आणि २०१० मध्ये लोरी मरिनो आणि इतर संशोधकांनी त्याची पद्धतच सदोष आहे म्हणून चिरफाड केली. मला दोन्ही बाजू समजतात. दुसऱ्या एका शहरातल्या अ‍ॅक्वेरियममध्ये मी टच टँकपाशी (जिवांना हात लावून बघायची टाकी) उभा होतो, लक्ष ठेवायला कुणी नाही, पोरं स्टारफिश पाण्याबाहेर काढून सेल्फी घेतायत, त्याला शिक्षण म्हणायचं असेल तर माझा नमस्कार. इथं गाइड म्हणून स्वयंसेवक उभे असतात आणि ते स्वतःहून बोलतात, "हाताच्या दोन बोटांनी, हळू" असं सांगतात, आणि उत्तर येत नसेल तर शोधून सांगतात. कॅलिफोर्नियातल्या शाळांच्या सहली फुकट आहेत. पोराच्या मनात काय राहतं ते कोण मोजणार, पण पैसे नाहीत म्हणून शाळा बाहेर राहिली असं होत नाही.

पब्लिकला जे खरोखर वापरता येतं ते म्हणजे सीफूड वॉच. १९९९ पासून चालू आहे, कुठला मासा कुठून, कसा पकडलेला घ्यावा आणि कुठला टाळावा याची यादी, हिरवा-पिवळा-लाल. २०२२ मध्ये त्यांनी अमेरिकन लॉबस्टरला लाल दिला, कारण लॉबस्टरच्या पिंजऱ्यांच्या दोऱ्यांत नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल अडकतात आणि त्या चारशेहूनही कमी उरल्यात. मेन राज्यातले मच्छीमार भडकले, २०२३ मध्ये कोर्टात गेले, म्हणाले आमच्या दोऱ्यांनी व्हेल मेल्याचा पुरावा दाखवा. मला मच्छीमारांचा राग कळतो, पोट आहे त्यांचं. पण सगळ्यांना गोड वाटेल एवढंच बोलणारं अ‍ॅक्वेरियम हे नुसतं मोठं फिश टँक असतं, त्यामुळे त्यांनी भांडण ओढवून घेतलं याला माझे गुण.

शनिवार-रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी टाळा, तिकीट आधी ऑनलाइन काढा, दहाला उघडतं तेव्हाच आत शिरा. मागच्या गच्चीवर दुर्बिणी आहेत, तिथून खाडीतले जंगली ऑटर आणि सील बऱ्याचदा दिसतात. जमत नसेल तर त्यांच्या साइटवर ऑटर, जेलीफिश, केल्पचे लाइव्ह कॅमेरे फुकट आहेत. आणि वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी एल्कहॉर्न स्लूमध्ये कयाक घेऊन जा, तिथं जे ऑटर दिसतील त्यातले काही इथल्याच मागच्या टाकीतल्या आयांची नातवंडं असू शकतात, फक्त साठ फूट लांब राहा आणि एखादा स्वतःहून जवळ यायला लागला तर वल्हं मारून मागे सरा.