रेपोचं नाव बदलायचं, की नवा रेपो काढायचा?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही तिघं कामगंध सापळ्यांतल्या (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांतल्या) पतंगांची नोंद ठेवणारं ॲप चालवतो. एका सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग आले की गुलाबी बोंडअळीच्या फवारणीचा विचार करायचा. हा हिशेब शेतकऱ्याला मोबाईलवर दिसावा, एवढाच हेतू. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आमच्या रेपोचं, म्हणजे ॲपच्या कोडच्या साठ्याचं, नाव कापसावरून ठेवलं होतं. आता त्यात तूर आणि सोयाबीनही आली, म्हणून नाव बदलायचं ठरतंय. तुम्हीही याच पेचात असाल, तर आमचा विचार असा झाला.

आहे त्याच रेपोचं नाव बदललं तर इश्यू (अडचणींच्या नोंदी), स्टार (लोकांनी दिलेली पसंती), सगळा इतिहास जागच्या जागी राहतो. जुन्या पत्त्यावर क्लोन (पूर्ण प्रत उतरवणं), फेच (नवे बदल आणणं) किंवा पुश (आपले बदल चढवणं) केलं तरी गिटहब ते नव्या पत्त्यावर वळवतं. पण ही वाट दोन ठिकाणी तुटते. एक, गिटहब पेजेसचा, म्हणजे रेपोतून चालणाऱ्या वेबसाइटचा, पत्ता वळवला जात नाही. कृषी केंद्रांच्या दारावर आम्ही चिकटवलेले क्यूआर कोड थेट त्याच पत्त्याचे आहेत! दोन, जुन्या नावाचा नवा रेपो त्याच खात्यात काढला की क्लोन-पुशचं ते वळणही संपतं. म्हणजे क्यूआर वाचवायला जुन्या नावानं रेपो काढून त्यात पान ठेवावं, तर जुन्या क्लोनवाल्यांची वाट बंद. हे आधी कळलं, हे फार बरं झालं. तुमच्या रेपोत इतरांनी वापरायची ॲक्शन (आपोआप चालणाऱ्या कामाचा तयार तुकडा) असेल तर जास्तच जपा; नाव बदलल्यावर ती वापरणारे त्यांचे वर्कफ्लो (आपोआप चालणारी कामं) थेट बंद पडतात.

दुसरा पर्याय नव्या रेपोचा. त्यात मिरर पुश केलं, म्हणजे जुन्याची हुबेहूब प्रत चढवली, की कमिट, ब्रँच, टॅग (कोडमधल्या बदलांचा सगळा इतिहास) येतात. इश्यूंवरची चर्चा मागे राहते. आमच्याकडे शेतकऱ्यांनी सांगितलेल्या अडचणी तिथेच लिहिलेल्या आहेत. त्या सोडायला माझं मन धजत नाही.

गिटलॅबवर (गिटहबसारख्याच दुसऱ्या साइटवर) असाल तर प्रश्न निम्मा सुटतो. तिथे प्रकल्पाचं नाव वेगळं, पत्त्यातला पाथ वेगळा. नुसतं नाव बदला, लिंक तशीच राहते.

आम्ही नावच बदलणार, पण पेरणीआधी, मे महिन्यात, सापळे रिकामे असताना. त्याआधी स्वतःचं डोमेन घेऊन नवे क्यूआर छापायचे आणि दुचाकीवर फिरून एकेका केंद्रावर लावायचे. मग तिघांच्या लॅपटॉपवर 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' ही आज्ञा चालवून नवा पत्ता टाकायचा.