कॉलेजच्या जुन्या मित्रांना निवांत बसायचं असेल तर ही खानावळ

आम्ही १९७६ ला बीएस्सी झालेले, म्हणजे आता सगळेच सत्तरीतले. डिग्रीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे, कारण सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळायला २००४ उजाडलं. गेली तीन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साडेबाराला आम्ही सोलापूरच्या नवी पेठेच्या मागच्या गल्लीतल्या या खानावळीत जेवायला भेटतो, कधी सहाजण, कधी अकरा. चवीबद्दल इथे बऱ्याच लोकांनी लिहिलंय, पण वय झालेल्या माणसांनी दोन-तीन तास एकत्र बसायला ही जागा कशी आहे ते कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहितोय.

आधी आम्ही दोन-तीन हॉटेलं बदलून पाहिली. एका एसी हॉटेलात गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की आमच्यातल्या दोघांना कानात मशीन असूनही काही कळेना, आणि शेवटचा घास घेतला की पोरगं फडकं घेऊन हजर, म्हणजे उठा आता. इथे टीव्ही नाही, गाणी नाहीत. आत यायला एकच पायरी आहे. खुर्च्यांना हात आहेत, ही गोष्ट तरुण माणसाच्या लक्षात येणार नाही पण गुडघे बदललेला माणूस त्या हातांवर जोर देऊनच उठतो. रविवारी गर्दी असते तरी मालक आतल्या बाजूची दोन टेबलं जोडून ठेवतात आणि साडेतीनपर्यंत कुणी काही बोलत नाही, उलट दोन वेळा ताक येतं.

जेवण साधं सोलापुरी. मालदांडी ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी तव्यावरून थेट ताटात, भरलं वांगं, शेंगांची आमटी, उखळात कुटलेली शेंगाचटणी जिला तेल सुटलेलं असतं. कवळी असलेल्यांनी कडक भाकरी आमटीत मोडून दहा मिनिटं ठेवावी, छान मऊ होते आणि चवही जात नाही. भाकरीवरून आमच्याकडे दर वेळी एक विषय निघतोच. आम्ही कॉलेजला आलो ते १९७२ साली, दुष्काळाचं वर्ष, मेसमध्ये अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची लालसर भाकरी असायची, ती घशाखाली उतरायची नाही. मंगळवेढ्याकडचा आमचा एक मित्र आहे, घरची ज्वारी म्हणजे सोनं, पण त्या वर्षी रानात काहीच नाही, आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला, आणि हा इथे हॉस्टेलवर केमिस्ट्री वाचत बसलेला. तो अजूनही पहिली भाकरी मोडताना क्षणभर थांबतो. का थांबतो ते आम्हाला माहीत आहे, त्यामुळे तेवढा वेळ कुणी बोलत नाही.

येणारे सगळीकडून येतात. जुळे सोलापूर, विजापूर रोड, अशोक चौकातला आमचा तेलुगू मित्र ज्याच्या घरी माग होते, आणि एकजण तर पुण्याहून, शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतो, भाच्याकडे राहतो, सोमवारी सकाळच्या हुतात्मानं परत. दोन मैत्रिणीही येतात. कॉलेजात चार वर्षांत त्यांच्याशी चार वाक्यं बोललो नसू, जर्नल मागायचं तरी अहो-जाहो, आणि आता अडुसष्टाव्या वर्षी आम्ही एकमेकांना अगं-अरे म्हणायला लागलो. गप्पा म्हणजे काय तर कुणाचा मोतीबिंदू झाला, कुणाची मुलं पुण्याला हैदराबादला गेली आणि एवढ्या मोठ्या घरात दोघंच राहिलेत, कुणाचं बायपास ठरलंय. बँकेतून रिटायर झालेला मित्र नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले तिथेच टेबलावर फोनला चेहरा दाखवून काढून देतो. मालक त्या दिवशी स्वतः ट्यूबलाइट लावतात, चेहरा नीट यावा म्हणून.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो.

आमचा व्हॉट्सॅपचा ग्रुप आहेच. त्यावर रोज सकाळी सहाला एका मित्राचा गुड मॉर्निंग पडायचा, फूल, दत्ताचा फोटो, कधी सुविचार. तो दोन महिने जेवायला आला नाही पण मेसेज येतोय म्हणजे बरा आहे, कामात असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. एका रविवारी वाढणारा मुलगा आमटी वाढता वाढता म्हणाला, "ते पातळ आमटीवाले काका दोन महिने आले नाहीत की ओ, बरे आहेत ना?" कुणालाच उत्तर देता येईना. तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. "काय करायलास बे, कुठे आहेस?" तर म्हणाला डायलिसिस चालू झालंय, आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास एका खुर्चीत बसायचं. सकाळची पाळी असायची, त्या दिवशी नंबर लावून बसल्यावर तिथूनच ते मेसेज पाठवत होता. का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणाला ग्रुपवर हे कसं लिहायचं, खाली लगेच हात जोडलेले पन्नास येतील आणि मग मला उत्तरं द्यावी लागतील.

जेवण तसंच ठेवून चौघं रिक्षानं त्याच्या घरी गेले.

पुढच्या महिन्यात त्याला घेऊन यायचं ठरवलं पण पथ्य कडक, मीठ कमी, पाणी मोजून, शेंगदाणे चालत नाहीत, आणि सोलापुरात शेंगदाण्याशिवाय जेवण म्हणजे काय राहतं सांगा. मी आदल्या दिवशी जाऊन स्वयंपाकघरातल्या मावशींना डॉक्टरांनी दिलेला कागद वाचून दाखवला. त्यांनी भाजी चिरून पाण्यात उकळली, ते पाणी फेकून दिलं, मग वेगळ्या कढईत बिनमिठाची फोडणी दिली, अर्धी छोटी वाटी वरण, गरम भाकरी. ताट वेगळं आणि पेलाही छोटा, म्हणजे पाणी जास्त घेतलं जाऊ नये. बिलात एक रुपया जास्त नाही. तेव्हापासून डायलिसिस आड येत नाही त्या प्रत्येक रविवारी तो येतो आणि ते ताट न सांगता येतं. मालकांना आणि मावशींना आम्ही सगळ्यांनी उभं राहून नमस्कार केला, त्या संकोचून आत गेल्या.

कमी काय आहे तेही सांगतो. हात धुवायची जागा मागे दोन पायऱ्या खाली आहे, तिथे धरायला काही नव्हतं, एकजण घसरता घसरता वाचला. मालकांना सांगितल्यावर पंधरा दिवसांत पाइपचा कठडा बसवला. कमोड मात्र अजून नाही आणि तो हवाच, आमच्या एका मैत्रिणीला त्यामुळे लवकर निघावं लागतं. गाडी लावायला जागा अजिबात नाही, रिक्षानंच या. उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी आत उकडतं, कूलर एकच आहे, तेव्हा आम्ही वेळ बदलून संध्याकाळी सातला भेटतो. थाळी १८० रुपये, भाकरी पाहिजे तेवढी.

आठपेक्षा जास्त माणसं असतील तर आदल्या दिवशी फोन करा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावची गर्दी फार असते, तेव्हा दोन दिवस आधी सांगितलेलं बरं. आणि कुणाला पथ्य असेल तर लाजू नका, सरळ आत जाऊन मावशींशी बोला.