हँडओव्हर फाइल: काही महिने वापरल्यानंतर

मदतकार्याच्या डॅशबोर्डवरचे आकडे अचानक जागचे हलेनात. अर्धा दिवस शोधल्यावर कारण सापडलं. डेटाची जोडणी आधीच्या माहिती अधिकाऱ्याच्या खात्यावरून होती. ती अधिकारी काम सोडून गेली, खातं बंद झालं, जोडणी तुटली. कोबो या माहिती गोळा करायच्या साधनावरचा फॉर्मही त्याच खात्यावर. काम सोपवताना दिलेल्या या फाइलमध्ये डेटा कसा तपासायचा, नकाशा कसा काढायचा, सगळं पानोपानी लिहिलंय. खातं कोणाचं, यावर एक ओळ नाही! कोबोमध्ये प्रोजेक्टची मालकी दुसऱ्या खात्याकडे देता येते, पण ती माणूस जायच्या आधी द्यावी लागते. मदतीच्या वाटपाचा आढावा उद्यावर आलेला असताना हे कळणं मला अजिबात मान्य नाही.

सुरुवातीला मला ही फाइल नुसती लांबलचक वाटली होती. स्क्रीनशॉटबद्दल मत आजही तेच आहे: सॉफ्टवेअर बदललं की ते रद्दी. पण ‘हे असं का’ या भागाबद्दल मत पूर्ण बदललं. कोण, काय, कुठे, कधी या फोरडब्ल्यू तक्त्यात मदत पोहोचलेल्या लोकांची सरसकट बेरीज का करायची नाही, हे तिथे लिहिलंय. एकाच कुटुंबाला एक संस्था ताडपत्री देते, दुसरी भांडी. बेरीज केली की माणसं दुप्पट दिसतात. म्हणून प्रत्येक ठिकाणचा सर्वांत मोठा आकडाच धरायचा. हे वाचलं नसतं तर नव्या माणसाने पहिल्याच अहवालात आकडा फुगवला असता, आणि त्या आकड्यावर पुढचा निधी ठरतो. गावांची नावं पाच तऱ्हांनी लिहिली जातात म्हणून तक्ते एकमेकांना पी-कोडवरूनच, म्हणजे प्रत्येक ठिकाणाच्या ठरलेल्या सांकेतिक क्रमांकावरूनच जोडायचे, हेही तिथलंच. त्यासाठी प्रशासकीय सीमांचा संच एचडीएक्स या मदतकार्याच्या खुल्या डेटा-संकेतस्थळावरून घ्यायचा.

अहवालांचं वेळापत्रक ठीक. संपर्कयादी जुनी, प्रत्येक नावापुढे ‘शेवटची खात्री कधी’ हा रकाना हवाच.

तातडीच्या नेमणुकीवर येणारा सहकारी काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. त्यातला पहिला आठवडा खात्यांच्या मागे गेला, तर ज्यांच्यासाठी हे काम आहे त्यांचाच वेळ गेला.

आता फाइलच्या पहिल्याच पानावर तक्ता टाकलाय: साधन, खात्याचा मालक, दुसरा अ‍ॅडमिन, मालकी बदलल्याची तारीख. पासवर्ड आणि लाभार्थ्यांची नावं मात्र फाइलमध्ये नाहीत, आणि कुणी घालूही नयेत. ही चारही घरं भरल्याशिवाय आमच्याकडे कुणाचाही चार्ज घेतला जात नाही.